अंदाजपंचे नव्हे!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रेडिओवरून सुडोकूबद्दल बोलायचं म्हणजे मोठी पंचाईत आहे. मी सांगणार दुसऱ्या ओळीतल्या चारबद्दल, आणि तुमच्या हातात असणार लाटणं, नाहीतर गाडीचं स्टिअरिंग. तरीही आज सोप्या कोड्यांबद्दल बोलायचं नाही, असं मी ठरवलंय. सोपी कोडी सगळ्यांनाच येतात. ज्याच्या डोक्यावर ‘अतिकठीण’ असं छापलेलं असतं आणि जे अर्ध्यावर टाकून आपण शेजारचं राशिभविष्य वाचायला लागतो, त्या कोड्याबद्दल बोलायचंय.

मी काही गणिताचा माणूस नाही. आयटीआय करून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो आणि एकतीस वर्षं मेंटेनन्स खात्यात काढून निवृत्त झालो. राहायला सातपूर कॉलनीत. रात्रपाळीत मेंटेनन्सवाल्याला एकतर काहीच काम नसतं, नाहीतर आभाळ कोसळलेलं असतं. काहीच नसायचं त्या वेळात, २००५ च्या सुमाराला, आमच्या हाती सुडोकू लागलं. कोणीतरी वर्तमानपत्राचं पान घडी करून आणायचा आणि पहाटे तीनच्या चहाबरोबर पाच-सहा डोकी त्यावर वाकायची.

नाव जपानी असलं तरी कोडं मूळचं अमेरिकेतलं. हॉवर्ड गार्न्स नावाच्या एका निवृत्त वास्तुविशारदानं ते रचलं आणि १९७९ साली ते तिथल्या एका कोड्यांच्या मासिकात ‘नंबर प्लेस’ या नावानं छापून आलं. जपानमध्ये निकोली या प्रकाशनाच्या माकी काजी यांनी १९८४ पासून ते लोकप्रिय केलं, नवं नाव दिलं. पुढे वेन गोल्ड या निवृत्त न्यायाधीशांनी अशी कोडी तयार करणारा संगणकीय प्रोग्राम लिहिला आणि १२ नोव्हेंबर २००४ ला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पहिलं सुडोकू आलं. तिथून ते आमच्या कॅन्टीनच्या टेबलावर यायला वर्षही लागलं नाही.

नियम एका वाक्यात सांगतो. नऊ आडव्या ओळी, नऊ उभे रकाने, आणि नऊ-नऊ घरांचे नऊ लहान चौकोन. या लहान चौकोनाला आम्ही ‘वाडा’ म्हणतो. प्रत्येक ओळीत, प्रत्येक रकान्यात आणि प्रत्येक वाड्यात एक ते नऊ हे आकडे एकेकदाच यायला हवेत. बस्स.

आता कठीण कोडं कुठे अडतं? दिसतात तेवढे आकडे भरून होतात, पन्नासएक घरं रिकामी असतात, आणि कुठल्याच घरात एकच एक आकडा बसताना दिसत नाही. इथे बहुतेकजण काय करतात? एखादं घर निवडतात, तिथे तीन किंवा सात येऊ शकतो असं दिसतं, मनात म्हणतात ‘तीन असेल’, आणि पुढे धावत सुटतात. जमलं तर जमलं. नाही जमलं तर खोडरबर. मीही तसंच करत होतो. आमच्या चार्जमननी, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, एकदा माझ्या कागदाकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, “तीन का?”

मी म्हटलं, “अण्णा, सुटलं ना पण!”

ते काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजही नव्हती, कारण आम्हा दोघांच्याही मनात एक जुनी गोष्ट होती. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सुडोकू येण्याच्या कितीतरी आधीची, १९९३ सालची गोष्ट. रात्रपाळीत एक प्रेस मधूनमधून आपोआप थांबत होता. उत्पादन अडलेलं, सुपरवायझर मानेवर उभा. पॅनेल उघडलं, एका कॉन्टॅक्टरचे पॉइंट थोडे काळे दिसले. मी म्हटलं, हाच असणार. बदलला, प्रेस चालू झाला, आणि लॉगबुकात लिहिलं : ‘कॉन्टॅक्टर बदलला. मशीन ओके.’ चौथ्या दिवशी दुपारच्या पाळीत ऑपरेटरनं बटण दाबलेलं नसताना तोच प्रेस खाली आला. त्या माणसाचा हात नुकताच बाहेर आला होता. हातमोज्याचं टोक तेवढं साच्यात चिरडलं गेलं.

अण्णांनी ड्रॉइंग घेऊन सहा तास घालवले. दोष कॉन्टॅक्टरमध्ये नव्हताच. लवचीक पाइपातून जाणाऱ्या दोन तारांचं आवरण घासून गेलं होतं. तार पाइपाच्या धातूला टेकली की प्रेस थांबायचा, आणि दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या की बटण न दाबताच चालायचा. मी कॉन्टॅक्टर बदलताना तारा हलल्या असतील, म्हणून चार दिवस बरे गेले. लॉगबुकातली ती ओळ माझ्या अक्षरात आहे. तो ऑपरेटर मला एक शब्द बोलला नाही, पण निवृत्त होईपर्यंत त्यानं माझ्याबरोबर चहा घेतला नाही.

म्हणून अण्णांचा तो प्रश्न. तीन का? सुडोकूत चुकलं तर कोणाचं काही जात नाही, हे खरं. पण ‘चाललं’ आणि ‘सापडलं’ यांतला फरक मला नीट समजला तो या कोड्यांमुळेच. पन्नाशीच्या जवळ आल्यावर!

तर अंदाज न करता पुढे कसं जायचं? पहिलं काम कंटाळवाणं आहे. प्रत्येक रिकाम्या घराच्या कोपऱ्यात, तिथे जे जे आकडे येऊ शकतात ते बारीक पेन्सिलीनं लिहायचे. यांना म्हणू या उमेदवार. इथून पुढे आपलं काम आकडा भरण्याचं नसतं, उमेदवारांना माघार घ्यायला लावण्याचं असतं. कठीण सुडोकूची सगळी विद्या या एका बदलात आहे. ‘इथे काय येईल’ हे विचारणं सोडून ‘इथे काय येऊच शकत नाही’ हे विचारायला लागायचं.

सोप्यापासून सुरू करतो. एका ओळीत दोन घरं अशी आहेत, की दोन्हींत उमेदवार फक्त तीन आणि सात. कुठलं कोणाला, ते माहीत नाही. पण दोन भावांनी दोन खोल्या अडवल्या की त्या दोघांपैकी कोणीही तिसऱ्या खोलीत नसणार, हे नक्की. म्हणजे त्या ओळीतल्या बाकी सगळ्या घरांतून तीन आणि सात खोडायचे. ही उघडी जोडी. याचीच एक लपलेली बहीण आहे. एका वाड्यात दोन आणि नऊ हे आकडे फक्त दोनच घरांत बसू शकतात, पण त्या घरांत पाच-पाच उमेदवारांची गर्दी आहे. तर गर्दीतले बाकीचे बाहेर. उघडी जोडी डोळ्यांना दिसते, लपलेली शोधावी लागते, आणि नवशिक्याचे तास जातात ते या दुसरीत.

आता मजा सुरू होते. एक-दोन मिनिटं काम बाजूला ठेवा आणि डोळ्यांपुढे चौकट आणा. दुसऱ्या ओळीत चार हा आकडा फक्त दोन जागी येऊ शकतो : तिसऱ्या रकान्यात किंवा आठव्या. आणि सातव्या ओळीतही नेमकं तसंच, तिसऱ्यात किंवा आठव्यात. आता दुसऱ्या ओळीतला चार जर तिसऱ्या रकान्यात गेला, तर सातव्या ओळीतल्याला आठव्यात जावं लागेल. उलट झालं तर उलट. कसंही झालं तरी तिसऱ्या रकान्याचा चार आणि आठव्या रकान्याचा चार या चार घरांतच संपले. मग त्या दोन रकान्यांत वर-खाली जिथे जिथे चार लिहिलेला असेल, तो खोडा. एकही आकडा भरलेला नाही, कुठला चार कुठे हे अजूनही ठाऊक नाही, आणि तरी पाच-सहा उमेदवार गेले! या युक्तीला ‘एक्स-विंग’ म्हणतात, कारण त्या चार घरांना तिरप्या रेघांनी जोडलं की फुली दिसते. दोन ओळींऐवजी तीन ओळी आणि तीन रकाने घेतले की तिचंच नाव ‘स्वोर्डफिश’ होतं. ती शोधायला नजर तयार व्हावी लागते. मला पहिली सापडली तेव्हा मी बायकोला झोपेतून उठवून दाखवली होती. तिचा अभिप्राय इथे सांगण्यासारखा नाही.

मला सगळ्यांत आवडते ती मात्र ‘एक्स-वाय-विंग’. पहिल्या ओळीतलं पहिलं घर घ्या. त्यात उमेदवार एक आणि दोन. त्याच ओळीत सातव्या रकान्यात एक घर आहे, त्यात एक आणि तीन. आणि पहिल्याच रकान्यात खाली सहाव्या ओळीत एक घर आहे, त्यात दोन आणि तीन. कोपऱ्यातल्या घरात एक आला, तर सातव्या रकान्यातल्या घराला तीन घ्यावा लागेल. दोन आला, तर खालच्या घराला तीन घ्यावा लागेल. म्हणजे त्या दोघांपैकी एकात तीन येणारच. मग सहाव्या ओळीतलं सातव्या रकान्यातलं घर, जे त्या दोघांच्याही वाटेत आहे, त्यात तीन येणं शक्य नाही. कोपऱ्यातल्या घराचं उत्तर आपल्याला माहीत नाही, आणि माहीत असण्याची गरजही नाही. दोन्ही शक्यतांचा शेवट एकच होतो.

अंदाज आणि पुरावा यांच्यातली रेघ माझ्या मते इथे आहे. अंदाज करणारा एकाच वाटेनं जातो आणि ती चांगली निघावी अशी आशा धरतो. तर्क करणारा दोन्ही वाटा चालून बघतो आणि दोन्हीकडे जे सारखं दिसतं तेवढंच मान्य करतो. अण्णा बंद पडलेल्या मशीनचं पॅनेल असंच तपासायचे. सर्किटच्या बरोबर मधे मीटर लावायचा. तिथे सप्लाय आहे? मग इथपर्यंतचं सगळं निर्दोष, दोष पुढे. नाही? मग दोष मागे. काहीही निघालं तरी अर्धं पॅनेल कमी झालंच.

मोठमोठ्या माणसांनाही अंदाजानं फसवलंय. सुडोकूतून वाडे काढून टाकले, फक्त ओळी आणि रकाने ठेवले, की जे उरतं त्याला गणितात ‘लॅटिन चौरस’ म्हणतात. अठराव्या शतकात ऑयलर या थोर गणितज्ञानं प्रश्न घातला : सहा पलटणींतले, सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे असे छत्तीस अधिकारी सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करता येतील का, की प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच यावा? त्याला ते जमलं नाही. दोनच्या चौरसात तर ते उघडच अशक्य होतं. त्यावरून त्यानं १७८२ साली म्हटलं, की दहा, चौदा, अठरा अशा साखळीतल्या कुठल्याच संख्येला हे जमणार नाही. सहापुरतं त्याचं बरोबर होतं. फ्रान्सच्या गॅस्टन टॅरी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकेक शक्यता हातानं तपासून ते सिद्ध केलं. पण बाकीचं? ते पावणेदोनशे वर्षं तसंच राहिलं. १९५९ साली राज चंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अमेरिकेचे पार्कर या तिघांनी दाखवून दिलं, की सहाच्या पुढे ऑयलरचं म्हणणं एकाही संख्येला लागू नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ही बातमी पहिल्या पानावर छापली. या तिघांना ‘ऑयलरचा खेळ बिघडवणारे’ असं कौतुकानं म्हणतात. त्यांतले श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि २०२० साली वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी वारले. आपल्याकडे सुडोकू सोडवणारे लाखो, पण श्रीखंड्यांचं नाव ऐकलेले किती, हा प्रश्न मी आमच्या बागेतल्या कट्ट्यावर विचारला. चौदा जणांत एकीनं हात वर केला.

त्या एकीबद्दल सांगायला हवं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, गणित शिकवायच्या. आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो. माझं आणि बाईंचं एका युक्तीवरून वर्षभर भांडण चाललं. ‘युनिक रेक्टँगल’ ही ती युक्ती. समजा पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत, दुसऱ्या आणि पाचव्या रकान्यात, अशी चार रिकामी घरं आयताच्या चार कोपऱ्यांवर आहेत. तीन कोपऱ्यांत उमेदवार फक्त पाच आणि आठ. चौथ्यात पाच, आठ आणि शिवाय दोन. आता चौथ्यातही पाच किंवा आठ आला, तर हे चार आकडे आपापसांत बदलले तरी ओळ, रकाना, वाडा, कशालाच धक्का लागत नाही. म्हणजे कोड्याला दोन उत्तरं होतील. पण सुडोकूला उत्तर एकच असतं. म्हणून चौथ्या घरात दोनच!

मला ही युक्ती म्हणजे सोन्याची खाण वाटायची. बाई म्हणायच्या, “यात तुम्ही काहीच सिद्ध केलेलं नाही. कोडं रचणाऱ्यानं आपलं काम नीट केलंय, एवढं तुम्ही धरून चाललात.” मी म्हणायचो, “बाई, एकच उत्तर हा नियमच आहे.” त्या म्हणायच्या, “नियम नऊ आकड्यांचा आहे. एकच उत्तर हे रचणाऱ्याचं वचन आहे.”

मग एका रविवारी एका वर्तमानपत्रातलं कोडं घेऊन आम्ही दोघं बसलो. माझा आयत सापडला, मी ऐटीत दोन भरला, पुढे अकरा घरं झरझर भरली, आणि एका ओळीत दोन सात आले. परत पहिल्यापासून केलं. तिसऱ्यांदा केलं. पुन्हा तेच. बाईंनी आयताला हात न लावता सगळं कोडं संपवलं होतं, फक्त ते चार कोपरे सोडून. तिथे त्यांनी दोन्ही तऱ्हेनं आकडे लिहून दाखवले. दोन्ही बरोबर! दुसऱ्या दिवशी दिलगिरीची चौकट आली : छपाईत एक आकडा सुटला होता. तो आकडा नेमका त्या चार कोपऱ्यांपैकी एकात होता.

ती युक्ती मी आजही वापरतो, पण वापरली की समासात ‘व’ असं लिहितो. व म्हणजे वचन. पुढे गाडी अडली, तर आधी कुठे बघायचं ते ठाऊक असतं. लॉगबुकात त्या रात्री मी ‘कॉन्टॅक्टर बदलला, कारण सापडलेलं नाही’ असं लिहिलं असतं, तर दुपारच्या पाळीनं तो प्रेस चालवलाच नसता.

एक गैरसमज जाता जाता काढून टाकतो. दिलेले आकडे कमी म्हणजे कोडं कठीण, असं नाही. १७ आकड्यांची काही कोडी चहा संपेपर्यंत सुटतात. त्याहून कमी, म्हणजे १६ आकडे देऊन एकच उत्तर असलेलं कोडं करताच येत नाही, हे डब्लिनचे गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये महासंगणक कित्येक महिने चालवून दाखवलं. सुडोकूच्या भरलेल्या चौकटी एकंदर किती होतात, तीही मोजदाद २००५ मध्ये झालेली आहे : ६६७०९०३७५२०२१०७२९३६९६०. ही बावीस आकडी संख्या मी एकदा पाठ केली होती, नातवावर छाप पाडायला. पडली नाही.

कठीणपणा ठरतो तो साखळीच्या लांबीवर. एक्स-वाय-विंगमध्ये दोन पावलांत निकाल लागतो. खऱ्या कठीण कोड्यात एका घराच्या दोन शक्यता घेऊन दहा-दहा, बारा-बारा पावलं चालावं लागतं, तेव्हा कुठे दूरच्या एखाद्या घरात दोन्ही वाटा एकाच आकड्यावर येतात. यासाठी मी दोन रंगांच्या पेन्सिली वापरतो. पहिली शक्यता निळी, दुसरी लाल. ज्या घरात दोन्ही रंगांनी एकच आकडा लिहिला जाईल, तो पक्का. एखाद्या रंगाच्या वाटेवर एका ओळीत एकच आकडा दोनदा आला, तर ती वाट खोटी आणि दुसरी खरी. कोणी म्हणेल, हा अंदाजच झाला की! मला तसं वाटत नाही. दोन्ही वाटा कागदावर आहेत, आणि कोणीही येऊन त्या तपासू शकतो. बाईंना हे अर्धंच पटतं. त्या म्हणतात, बारा पावलांची वाट डोक्यात धरता येत नसेल, तर तो पुरावा असेल, पण ते समजणं नव्हे.

त्यांचं म्हणणं मला परवापासून छळतंय. फिनलंडचे गणितज्ञ आर्तो इंकाला यांनी रचलेलं, २०१२ साली जगातलं सर्वांत कठीण म्हणून गाजलेलं एक सुडोकू आहे. त्यात दिलेले आकडे २१. पहिल्या ओळीत फक्त एक आठ, बाकी आठ घरं कोरी. त्याच्यापुढे माझी एक्स-विंग, स्वोर्डफिश, सगळी हत्यारं बोथट झाली. निळ्या वाटेवर चालताना मधेच दोन फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी फाटे. दोन रंग पुरत नाहीत. मी हिरवी पेन्सिल आणली, मग जांभळी.

तीन आठवडे झाले. दिलेल्या एकवीस आकड्यांखेरीज सात घरं पक्की झाली आहेत, आणि त्या सातही घरांची कारणं मी एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवली आहेत. वहीची एकोणतीस पानं भरली. कोडं इंटरनेटवर आहे, उत्तरही आहे. नातू म्हणतो, आजोबा, एक बटण दाबलं की दिसेल. काल बाईंना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पहिली अकरा पानं सावकाश वाचली, आणि बाराव्या पानावर बोट ठेवून विचारलं, “इथे सहा का?”

मी आज सकाळपासून ते पान पुन्हा बघतोय.